मफलर दुसऱ्या क्लबची

एक जानेवारीच्या दुपारी नेदरलँड्समधल्या हार्लेम शहराच्या रस्त्यांवर चिटपाखरू नसतं. आदल्या रात्री उडवलेल्या फटाक्यांचा लाल कागद पावसात भिजून फुटपाथला चिकटलेला असतो, दुकानं बंद असतात आणि हवेत अजून फटाक्यांच्या दारूचा करपट वास रेंगाळत असतो. अशा वेळी शहराच्या दक्षिणेकडे, स्पान्यार्ड्सलान नावाच्या रस्त्यावर मात्र सायकली लावायला जागा मिळत नाही. कोनिंक्लेके एचएफसी या क्लबच्या मैदानावर नववर्षाचा सामना असतो. एका बाजूला क्लबचा पहिला संघ, दुसऱ्या बाजूला देशाकडून खेळून निवृत्त झालेले खेळाडू. १९२३ पासूनची ही रीत. मी आणि माझी मुलगी लवकर पोहोचून कठड्याला खेटून उभ्या होतो. आमच्या शेजारी करड्या ओव्हरकोटातले एक आजोबा होते, ऐंशीच्या आसपासचे. एचएफसीने पहिला गोल केला तेव्हा त्यांनी हातमोज्यांनीच टाळ्या वाजवल्या, आवाज न येणाऱ्या. त्यांच्या गळ्यात मफलर होती लाल-निळी. एचएफसीचे रंग निळा आणि पांढरा. लाल-निळा हा याच शहरातल्या दुसऱ्या क्लबचा, 'हार्लेम'चा रंग, आणि तो क्लब जानेवारी २०१० मध्ये दिवाळं निघून बंद पडला.

आजूबाजूच्या कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. ओळखीचे लोक येऊन त्यांच्याशी हात मिळवत होते, नवीन वर्षाच्या शुभेच्छा देत होते. मी मात्र सामन्याकडे कमी आणि त्या मफलरीकडे जास्त पाहत राहिले. कडा विरलेल्या, एका टोकाचे गोंडे गळून गेलेले. मेलेल्या क्लबची मफलर घालून हा माणूस शेजारच्या क्लबसाठी टाळ्या का वाजवतोय, हा प्रश्न घरी आल्यावरही डोक्यातून जाईना.

सामना तसा गमतीचाच असतो. एकेकाळी ज्यांना टीव्हीवर पाहिलं ते खेळाडू पोट सुटलेले, केस विरळ झालेले, दहा मिनिटांत धापा टाकायला लागलेले. पण मध्येच कुणीतरी चाळीस मीटरवरून असा पास देतो की चेंडू पुढच्याच्या पायात अलगद येऊन थांबतो आणि सगळं मैदान एकदम 'ओ' करतं. शरीर थकतं, पण पायाच्या आतल्या बाजूला जे शिकलेलं असतं ते जात नाही. पोरं वह्या घेऊन सह्यांसाठी कठड्याशी गर्दी करतात. त्यातल्या निम्म्यांना या खेळाडूंची नावंही आईबापांनी सांगितलेली असतात. मध्यंतरात वाटाण्याचं दाट सूप मिळतं, त्यात सॉसेजचे काप. चमचा उभा राहिला तरच सूप जमलं असं इथले लोक म्हणतात. मी ते घेत नाही, पण त्या वाफेचा वास, ओल्या गवताचा वास आणि ओव्हरकोटांमधून येणारा कपाटातला वास हे सगळं मिळून माझ्यासाठी आता एक जानेवारी झालंय.

एचएफसी हा नेदरलँड्समधला सर्वांत जुना फुटबॉल क्लब. स्थापना १५ सप्टेंबर १८७९, असं क्लबच्या प्रत्येक कागदावर असतं. स्थापणारा पिम म्युलीर तेव्हा १४ वर्षांचा होता. मूळचा फ्रिसलंड प्रांतातल्या विट्मार्सुमचा, वाढला हार्लेममध्ये, घरची परिस्थिती चांगली. इंग्रज मुलांना खेळताना त्याने लहानपणीच पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याला चैन पडेना, असं तो पुढे सांगायचा. त्याने मित्र गोळा केले, चेंडू मिळवला आणि कूकाम्प नावाच्या गाईंच्या कुरणात खेळ सुरू झाला. सुरुवातीला हे लोक रग्बी खेळत. हातपाय मोडायचे, कपडे फाटायचे, घरून बोलणी बसायची. १८८३ च्या सुमारास ते आपण आज ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाकडे वळले. कूकाम्प अजून आहे. हार्लेमच्या जुन्या जंगलाच्या टोकाला, रहदारीच्या रस्त्यालगत झाडांमधला हिरवा तुकडा. मी कामाला जाताना तिथून सायकलने जाते. सकाळी तिथे लोक कुत्री फिरवत असतात. एका देशाचं वेड इथून सुरू झालं यावर विश्वास बसू नये इतकी ती जागा साधी आहे.

म्युलीरचं पुढचं आयुष्य वाचलं की दम लागतो. १८८९ मध्ये देशातली पहिली फुटबॉल संघटना उभी करण्यात तो पुढे होता. आजचा राष्ट्रीय फुटबॉल महासंघ तिचाच वारस. फ्रिसलंडमधल्या अकरा शहरांना गोठलेल्या कालव्यांवरून स्केटिंग करत जोडणारी जी शर्यत आहे, तिच्या मागेही त्याचंच नाव येतं. ॲथलेटिक्स, बर्फावरचा बँडी नावाचा हॉकीसारखा खेळ, सगळीकडे हा माणूस. ८९ वर्षं जगला, १९५४ मध्ये गेला. हार्लेममधलं बेसबॉलचं स्टेडियम त्याच्या नावाने आहे.

पण एक गोष्ट मला जास्त विचार करायला लावते. १८७९ च्या त्या तारखेचा त्या काळातला लेखी पुरावा फारसा नाही. सुरुवातीच्या दिवसांची बरीचशी हकीकत म्युलीरने स्वतःच, मोठा झाल्यावर, कीर्ती मिळाल्यावर सांगितलेली आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी या तारखेवर प्रश्न उपस्थित केलेत, क्लब खरं तर थोडा नंतर आकाराला आला असावा असं काहींचं म्हणणं. म्हणजे देशातल्या सर्वांत जुन्या क्लबचं वय एका माणसाच्या आठवणीवर उभं आहे. मला यात फसवणूक दिसत नाही. १४ वर्षांच्या पोरांनी एका दुपारी कुरणात जमून 'आजपासून आपला क्लब' असं म्हटलं असेल, तर त्याचा कागद कोण करणार? पण ती आठवण पुढे जवळजवळ दीडशे वर्षं लोक जपत आले, वाढदिवस साजरे करत आले, हे त्या तारखेपेक्षा मोठं वाटतं.

आपल्या लोकांना एक गोष्ट ऐकून बरं वाटेल: या देशात संघटित क्रिकेट फुटबॉलच्या आधी आलं. डेव्हेंटर गावातला यूडी हा क्रिकेट क्लब १८७५ चा, देशाची क्रिकेट संघटना १८८३ ची, म्हणजे फुटबॉलच्या संघटनेपेक्षा सहा वर्षांनी मोठी. उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात फुटबॉल असा त्या काळच्या सुखवस्तू तरुणांचा वर्षाचा बेत असे. खेळणारे तेच, मैदानंही बऱ्याचदा तीच. माझ्या ऑफिसातल्या डच सहकाऱ्यांना हे सांगितलं तर ते हसतात, त्यांना खरं वाटत नाही. क्रिकेट इथे आजही आहे, पण थोड्या हिरवळींवर, आणि त्यातली बरीच आता भारतीय, पाकिस्तानी, अफगाण पोरांनी गजबजलेली असतात.

सुखवस्तू हा शब्द मी मुद्दाम वापरला. सुरुवातीची काही दशकं हा खेळ वकिलांच्या, बँकवाल्यांच्या, जमीनदारांच्या मुलांचा होता. क्लबात कुणालाही प्रवेश नसे. नवा सदस्य घ्यायचा तर आधीचे सदस्य मतदान करत, आणि वर्गणीच अशी असे की गोदीतल्या किंवा कापडगिरणीतल्या मुलाने विचारही करू नये. शिवाय खेळायला वेळ कुठून आणणार? आठवड्याचे सहा दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आणि सातवा दिवस देवाचा. पहिल्या महायुद्धात नेदरलँड्स तटस्थ राहिलं, पण सैन्य जमवून ठेवलं होतं. छावण्यांमध्ये कंटाळलेल्या जवानांना गुंतवायला अधिकाऱ्यांनी फुटबॉल खेळवलं आणि खेड्यापाड्यातली पोरं तो खेळ घेऊन घरी परतली. मग १९१९ च्या कायद्याने आठ तासांचा दिवस आणि शनिवारची मोकळी दुपार मिळाली. तिथून खऱ्या अर्थाने हा खेळ सगळ्यांचा झाला. एचएफसीने राष्ट्रीय चषक जिंकला तो १९०४, १९१३ आणि १९१५ मध्ये, म्हणजे सगळा या लोंढ्याच्या आधी. खेळ सर्वांचा झाल्यावर जुन्या क्लबांची मक्तेदारी गेली. चांगलंच झालं.

मी कोल्हापूरची आहे, त्यामुळे क्लब म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तालीम येते.

आमच्या घरात पाटाकडील तालीम हा देवघराइतकाच गंभीर विषय होता. शाहू स्टेडियमवर सामना असला की बाबा दुकानाचं शटर अर्धं ओढून निघायचे आणि मला बरोबर न्यायचे. दगडी पायऱ्या उन्हाने तापलेल्या, खाली वर्तमानपत्र अंथरून बसायचं, भुईमुगाच्या शेंगा, शिट्ट्या, आणि समोर दिलबहार किंवा खंडोबा तालीम असेल तर छातीत धडधड. ज्या तालमींमध्ये आधी कुस्तीची माती होती त्यांनीच फुटबॉलचे संघ काढले, त्यामुळे संघ हा पेठेचा असतो, विकत घेतलेला नसतो. तालमीतली पोरं, तालमीतली भांडणं, गणपतीही तालमीचाच. हार्लेमला आले तेव्हा मला वाटलं होतं की युरोपात फुटबॉल म्हणजे सगळं झगमगाटी, पैशाचं. मग मुलीला एचएफसीत खेळायला घातलं आणि क्लबच्या कँटीनमध्ये भिंतीवरचे पिवळे पडलेले फोटो, काचेच्या कपाटातले काळवंडलेले चषक आणि कोपऱ्यातल्या टेबलावर रोज त्याच खुर्च्यांवर बसून तेच वाद घालणारे म्हातारे पाहिले. तेव्हा पहिल्यांदा या देशात मला घरी आल्यासारखं वाटलं.

इथल्या क्लबात काम सदस्यच करतात, त्यांचे आईबाप करतात. वर्गणी भरली म्हणून सुटका नाही, कँटीनची पाळी लागतेच. माझी पाळी बहुतेक शनिवारी सकाळी असते, जेव्हा लहान मुलांचे सामने असतात. अंधारात कुलूप उघडायचं, कॉफीचं मशीन गरम करायला लावायचं, चीज-सँडविचचे थर आधीच रचून ठेवायचे, कारण साडेनऊला सगळी झुंबड एकदम येते. मध्यंतराला प्रत्येक संघासाठी सरबताचा जग आणि पेल्यांची चवड ट्रेमध्ये घालून मैदानावर न्यायची. पावसाळी आठवड्यात त्याच्याही आधी एक माणूस येऊन गेलेला असतो. मैदान खेळण्याजोगं आहे की नाही हे तो ठरवतो. हातात कुठलंही यंत्र नाही. चारही कोपऱ्यांत जातो, गोलपोस्टपुढे उभा राहतो, टाच रुतवून पाहतो, पाणी वर येतं का बघतो. त्याने नाही म्हटलं की सामने रद्द, आणि मग घराघरांत पोरांचे पडलेले चेहरे. मैदानावरच्या पांढऱ्या रेषा मारणारे, जाळ्या शिवणारे, कपडे बदलायच्या खोल्यांमधले तुंबलेले शॉवर मोकळे करणारे हे सगळे निवृत्त लोक. सामना संपल्यावर खोलीतला चिखल झाडूने काढायचा तो ज्या संघाने केला त्यानेच, मग संघ नऊ वर्षांच्या मुलींचा का असेना. माझी मुलगी घरी स्वतःचं ताट उचलत नाही, पण तिथे झाडू घेऊन पाणी निथळवते.

या देशाची लोकसंख्या एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास, आणि फुटबॉल महासंघाचे सदस्य सुमारे १२ लाख. एवढा डोलारा पगारी माणसांवर चालूच शकत नाही.

पगाराचा प्रश्न इथे एकदा फार मोठा झाला होता. १९५४ पर्यंत नेदरलँड्समध्ये फुटबॉल खेळून पैसे घ्यायला बंदी होती. ज्यांना कमवायचं होतं ते फ्रान्स, इटलीला जात आणि महासंघ त्यांना राष्ट्रीय संघात घेत नसे. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे समुद्राचे बांध फुटले, झीलंड प्रांतात आणि आसपास १,८०० च्या वर माणसं बुडाली. त्यांच्या मदतीसाठी परदेशात खेळणाऱ्या या 'बाटलेल्या' खेळाडूंनी मार्चमध्ये पॅरिसला फ्रान्सच्या संघाशी सामना खेळला आणि २-१ ने जिंकला. घरी बसून रेडिओवर ऐकणाऱ्या लोकांना प्रश्न पडला की आपल्याच पोरांना आपण बाहेर का ठेवलंय? पुढच्या वर्षी बंदी उठली. देशातल्या प्रत्येक जुन्या क्लबपुढे प्रश्न आला, धंद्यात उतरायचं की नाही. एचएफसी हौशीच राहिला. १९५९ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, त्याला नावामागे 'कोनिंक्लेके', म्हणजे राजमान्य, लावायचा मान मिळाला. शहरातला दुसरा क्लब, हार्लेम, धंद्यात उतरला.

हार्लेमला तेव्हा ते शोभणारंच होतं. १८८९ चा क्लब, दोनदा चषक जिंकलेला, १९४६ चा राष्ट्रीय विजेता. पुढे जगभर गाजलेल्या रूड गुलिटला सोळाव्या वर्षी त्याने पहिल्यांदा मोठ्या मैदानावर उतरवलं. गुलिट गेल्यावर, १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये, युरोपातल्या आपल्या पहिल्याच हंगामात क्लब मॉस्कोत गेला, तिथल्या स्पार्टाक क्लबविरुद्ध. कडाक्याची थंडी. सामना संपताना बाहेर पडणाऱ्या गर्दीत जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. अधिकृत आकडा ६६ मृतांचा, बहुतेक कोवळी पोरं. सोव्हिएत सरकारने ती बातमी दाबली. हार्लेमचे खेळाडू हॉटेलवर गेले, विमानात बसले, घरी आले. आपण खेळत होतो त्याच वेळी काही पावलांवर काय झालं होतं याचा पूर्ण उलगडा त्यांना १९८९ मध्ये झाला. पुढे क्लब खालच्या विभागात घसरला, प्रेक्षक आटले, कर्ज वाढलं. २०१० मध्ये हंगाम अर्ध्यात असताना कोर्टाने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याचे त्या हंगामातले सगळे निकाल तक्त्यातून पुसले गेले. उरलेल्या लोकांनी शेजारच्या हौशी क्लबशी जुळवून घेत नवं नाव लावलं.

मला इथे हौशी ते पवित्र आणि व्यावसायिक ते पापी असं काही म्हणायचं नाही. एचएफसी आता हौशी फुटबॉलच्या सर्वांत वरच्या विभागात आहे. २०१६ मध्ये तो विभाग नव्याने सुरू झाला तेव्हा पहिल्या हंगामापासून होता. तिथल्या खेळाडूंना करार असतात, मानधनही असतं, जाहिरातींचे फलक असतात. तरी एक उंबरठा आहे जो हे क्लब सहसा ओलांडत नाहीत. काटवेक गावाचा क्लब २०१८ मध्ये या विभागात पहिला आला, पण वरच्या व्यावसायिक विभागात गेला नाही. वर जायचं म्हणजे क्लब कंपनीसारखा चालवायचा, आणि मग शनिवारी सकाळी कुलूप उघडणाऱ्या माणसाला त्यात काय जागा? कोल्हापुरात कुणी तालीम विकत घ्यायला आलं तर काय होईल याची मला कल्पना आहे, त्यामुळे काटवेकचा निर्णय मला लगेच कळला.

फेब्रुवारीत ते आजोबा मला कँटीनमध्ये पुन्हा भेटले. मी कॉफी दिली आणि न राहवून मफलरीचं विचारलं. त्यांना राग आला नाही. नातू इथे खेळतो, म्हणून येतो, म्हणाले. हार्लेमच्या स्टेडियमवर ते वडिलांबरोबर जायला लागले तेव्हा शाळेतही जात नव्हते. मॉस्कोच्या सामन्याबद्दल ते बराच वेळ बोलले. त्या रात्री रेडिओवर फक्त २-० हरलो एवढंच कळलं होतं, आणि हरल्याचं वाईट वाटून आपण झोपलो, याचं त्यांना अजून वाईट वाटतं. "ही घातली की कुणीतरी विचारतं," ते म्हणाले. "तुम्ही विचारलंतच ना?" मग कॉफीचे पैसे मोजून ठेवले आणि नातवाचा सामना बघायला बाहेर गेले.

तेव्हापासून मी क्लबच्या भिंतीवरचे फोटो नीट पाहायला लागले. सगळ्या जुन्या फोटोंमध्ये मुलगेच. मिशा, पांढऱ्या विजारी, हाताची घडी. बायकांच्या फुटबॉलला महासंघाने मान्यता दिली ती १९७१ मध्ये. म्हणजे माझी मुलगी आज जो निळा-पांढरा शर्ट घालून चिखलात लोळते तो तिच्या आजीच्या वयाच्या इथल्या बाईला तरुणपणी मिळाला नसता. माझी मुलगी गोलकीपर आहे. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने स्वतःच ती जागा निवडली. इतर मुली चेंडूमागे धावतात आणि ही गोलात उभी राहून स्वतःशी बडबडत असते. आणि गोलकीपर असल्यामुळे एक दिवस तिने तो प्रश्न विचारला, जो आज ना उद्या येणारच होता: आपल्या क्लबचा सगळ्यांत भारी गोलकीपर कोण?

उत्तर निर्विवाद आहे. खेयुस फान देर म्यूलेन. एचएफसीचा, १९२४ ते १९३४ देशाचा गोलकीपर, ५४ आंतरराष्ट्रीय सामने. दोन ऑलिंपिक खेळला, त्यातलं १९२८ चं ॲमस्टरडॅमला, जिथे ध्यानचंदांच्या संघाने हॉकीचं पहिलं सुवर्ण जिंकलं. इतके सामने दुसरा कुठला डच गोलकीपर पुढची अनेक दशकं खेळला नाही. व्यवसायाने डॉक्टर, तोही लहान मुलांचा. आणि जर्मनांनी देश व्यापल्यावर हा माणूस नाझींच्या बाजूला गेला. एसएस या नाझींच्या सशस्त्र दलात डॉक्टर म्हणून पूर्वेच्या आघाडीवर गेला. युद्धानंतर त्याच्यावर खटला चालला, तुरुंगवास झाला. सुटल्यावर बरीच वर्षं जगला, १९७२ मध्ये वारला.

तिला हे सांगायचं की नाही यावर मी आणि नवरा दोन संध्याकाळी बोललो. तो म्हणाला, एवढ्यात नको, तिला हिरो हवाय, दुसरं नाव सांग. मला ते पटलं नाही. ज्या क्लबच्या जन्मतारखेवर आपण एका माणसाच्या शब्दाखातर विश्वास ठेवतो, त्या क्लबची ही गोष्ट कागदोपत्री पक्की आहे, आणि तीच गाळायची? मॉस्कोत सरकारने गाळलं तेव्हा त्याची किंमत इतक्या वर्षांनी एक म्हातारा माणूस गळ्यात गुंडाळून फिरतोय. २०२९ मध्ये एचएफसीला दीडशे वर्षं होतील, पुस्तकं निघतील, भाषणं होतील. म्युलीर असेल, चषक असतील, नववर्षाचे सामने असतील. खेयुसचं नावही पुरं लिहिलं जावं, ५४ सामन्यांसकट आणि त्याच्या पुढच्या सगळ्यासकट, असं मला मनापासून वाटतं. रेषा मारणाऱ्यांची नावं आली तर आणखी आनंद.

मग मी तिला सांगितलं. सोपं करून, पण खोटं न करता. तो फार छान अडवायचा, मग त्याने फार वाईट लोकांची साथ दिली. त्या वाईट लोकांनी सप्टेंबर १९४१ मध्ये नियम काढला की ज्यू माणसांनी कुठल्याही क्लबच्या मैदानावर पाय ठेवायचा नाही, खेळायला नाही आणि बघायलाही नाही. शाळेत त्यांना युद्धाबद्दल थोडं शिकवलेलं आहे, ॲन फ्रँक तिला माहीत आहे, त्यामुळे तिने ज्यू कोण वगैरे विचारलं नाही. बुटांच्या खाचांतला वाळलेला चिखल काडीने काढत ती ऐकत होती. मला वाटलं, आता विचारेल की खेयुस वाईट का झाला. तिने ते विचारलं नाही.

"ज्या मुलांना येऊ नका म्हणाले," ती म्हणाली, "त्यांच्या टीममधल्या बाकीच्यांनी काय केलं?"

मी म्हटलं, शनिवारी कोपऱ्यातल्या टेबलावरच्या आजोबांना विचारू.